प्रचाराचा थरारपट लिहायचाय? आधी निवडणुकीचं वेळापत्रक भिंतीवर लावा

निवडणुकीवरच्या बहुतेक पटकथांचा जीव एकाच प्रश्नात अडकलेला असतो: निवडून कोण येणार? हा प्रश्न मध्यंतरापर्यंतसुद्धा टिकत नाही. तेवढा थरार प्रेक्षक दर निकालाच्या दिवशी घरी बसून फुकटात बघतो. प्रचाराच्या थरारपटात खरा ताण वेगळाच असतो. उमेदवाराच्या जवळचा, हुशार, बऱ्यापैकी सरळ माणूस किती वाजता, कुठल्या टेबलाशी आणि काय पदरात पडावं म्हणून घसरतो, हे प्रेक्षकाला बघायचं असतं. यातलं ‘किती वाजता’ शब्दशः घ्या. निवडणूक कायद्यानं आखलेली आणि घड्याळावर चालणारी असते, आणि माणसाला शांत डोक्यानं विचार करायला सवड मिळू नये याची सोय त्या वेळापत्रकातच झालेली असते.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. आधी नियम, नियमातून प्रसंग, प्रसंगातून माणूस. खाली ती पायरीपायरीनं मांडली आहे. उदाहरणाला महाराष्ट्रातली विधानसभेची निवडणूक धरली आहे, आणि उलगडून बघायला जॉर्ज क्लूनीचा २०११ चा ‘द आइड्स ऑफ मार्च’ घेतला आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण पुढे त्याचा शेवट सांगितलेला आहे.

पहिली पायरी: उमेदवाराला नायक करू नका

‘आइड्स’मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणारा गव्हर्नर आहे माइक मॉरिस, आणि ती भूमिका खुद्द क्लूनीनं केली आहे. तरी गोष्ट त्याची नाही. ती आहे स्टीफन मायर्सची, म्हणजे प्रचारयंत्रणेतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या तरुण माणसाची. सिनेमा उघडतो तोच वादविवादाच्या रिकाम्या मंचावर. स्टीफन ध्वनिक्षेपकाची चाचणी करतोय आणि त्यासाठी साहेबांची वाक्यं कोरड्या आवाजात म्हणतोय. वाक्यं कुणाची, तोंड कुणाचं, हे पहिल्या मिनिटात ठरून गेलं. ज्या नाटकावरून सिनेमा आला ते लिहिणारा बो विलिमन २००४ साली राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या हॉवर्ड डीनच्या प्रचारात काम केलेला माणूस होता. मागच्या खोलीचा वास लिखाणात येतो तो त्यामुळे.

आपल्याकडे ही जागा पीएची. साहेबांचा फोन त्याच्याकडे, साहेबांच्या गोळ्यांची वेळ त्याला पाठ, कुणाला आत सोडायचं आणि कुणाला ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणायचं ते तोच ठरवतो. तूर्त त्याला नाव देऊ नका, नुसतं ‘पीए’ म्हणा. त्याला हवं काय ते मात्र आजच एका ओळीत लिहून टाका, आणि ते लहान असू द्या. ‘सत्ता हवी’ असं लिहिलंत तर पुढे काहीच लिहिता येणार नाही. ‘पुढच्या नगरपालिकेला स्वतःचं तिकीट हवं’ असं लिहिलंत की त्याच्यासाठी कोण काय करू शकतं, कोण आडवं येऊ शकतं, हे आपोआप दिसायला लागतं.

दुसरी पायरी: वेळापत्रक भिंतीवर

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ३० वाचा. छोटं आहे, आणि माझ्या मते कुठल्याही पटकथालेखन शिबिरापेक्षा उपयोगी. अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवसापर्यंत अर्ज भरायचे, दुसऱ्या दिवशी छाननी, छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत, आणि माघारीनंतर किमान चौदाव्या दिवशी मतदान. मध्ये सुट्ट्या आल्या की तारखा पुढे सरकतात.

खरं वेळापत्रक घेऊन बघा, २०२४ च्या विधानसभेचं. १५ ऑक्टोबरला घोषणा, त्याच क्षणापासून आचारसंहिता. २२ ला अधिसूचना. अर्जाचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर, त्या दिवशी धनत्रयोदशी. छाननी ३० ला. माघारीची मुदत ४ नोव्हेंबर, म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. मतदान २० ला, मोजणी २३ ला. नुसतं एवढं वाचूनही लक्षात येतं की बंडखोरांची मनधरणी त्या वर्षी ऐन दिवाळीत झाली. बंडखोराच्या दारात रांगोळी, आत फराळाचं ताट, ताटासमोर साहेबांचा निरोप घेऊन आलेला पीए, आणि स्वयंपाकघरातून सगळं ऐकणारी बंडखोराची बायको. हा प्रसंग मला सुचलेला नाही, पंचांगानं दिलाय.

४ नोव्हेंबरलाच कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवारानं मुदत संपता संपता अर्ज मागे घेतला आणि तिथं पक्षाचं चिन्हच रिंगणात उरलं नाही. मागे घेतलेला अर्ज परत जिवंत करता येत नाही, कायद्यातच तसं आहे. पटकथाकारानं असं काही कल्पनेतून लिहिलं असतं तर निर्माता म्हणाला असता, जरा अतीच होतंय.

भिंतीवरच्या कागदावर तारखांसोबत तासही मांडा. अर्ज आणि माघार, दोन्हींची वेळ दुपारी तीनपर्यंत. प्रचार थांबतो तो मतदान संपण्याच्या वेळेआधी ४८ तास. त्या घटकेला मतदारसंघात मतदार नसलेल्या बाहेरच्या पुढाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी मतदारसंघ सोडायचा असतो. म्हणजे तुमचा पीए बाहेरगावचा असेल तर सगळ्यात महत्त्वाच्या दोन रात्री त्याला तिथं थांबताच येत नाही. थांबला तर तो तिथं लपून आहे. यातून प्रसंग निघाला नाही तर लिहिणाऱ्याचाच दोष.

तिसरी पायरी: नीतीला अडकवणारा एक नियम शोधा

‘आइड्स’चं कथानक एका नियमावर टेकलेलं आहे आणि बघताना तो पटकन निसटतो. ओहायोतल्या पक्षांतर्गत निवडणुकीत दुसऱ्या पक्षाचे आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले मतदारही मत देऊ शकतात. विरोधी छावणीचा मुरलेला प्रचारप्रमुख टॉम डफी हेच स्टीफनला सांगतो: समोरचा पक्ष आपली माणसं पाठवून आमच्या कच्च्या उमेदवाराला जिंकवेल आणि तुमचा गव्हर्नर हरेल. हा नियम नसता तर डफीकडे स्टीफनला भेटायला बोलवायचं कारणच नव्हतं, आणि भेट नाही तर सिनेमा नाही.

आपल्याकडे असे नियम भरपूर आहेत. मला सगळ्यात आवडतो तो एबी फॉर्म. पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण, हे सांगणारे हे दोन कागद. शेवटच्या दिवशी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर ते शाईच्या सहीनिशी पोचावे लागतात. शिक्क्याची सही चालत नाही, फॅक्स चालत नाही, व्हॉट्सॲपवरचा फोटो तर नाहीच. कागद माणसाच्या हातानंच यावा लागतो. आता याला दुसरा नियम जोडा: मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात. एका सूचकाचा अर्ज भरून बसलेल्या माणसाला पक्षाचा कागद मिळाला नाही, तर छाननीत त्याचा अर्ज बाद.

या दोन ओळींत अख्खी गोष्ट आहे. तालुक्यात अण्णा नावाचे जुने अध्यक्ष आहेत. पीएला गावातून उचलून साहेबांकडे त्यांनीच आणलं. यंदा तिकीट साहेबांचं कापून अण्णांना द्यायचं, असं वरून सांगितलं गेलंय, आणि अण्णा एका सूचकानिशी अर्ज भरून मोकळे झालेत. आदल्या रात्री मुंबईत चक्रं फिरतात. एबी फॉर्म साहेबांच्याच नावानं निघतो आणि पीएच्या हातात येतो. साहेबांचं पीएला एवढंच सांगणं असतं की तीन वाजेपर्यंत अण्णांना कळू द्यायचं नाही. आधी कळलं तर अण्णा दहा सूचक गोळा करून अपक्ष अर्ज टाकतील, मतं फुटतील आणि साहेब पडतील.

इथं राजकारण जाणणारा वाचक हटकून विचारेल: अण्णांसारखा मुरलेला माणूस खबरदारी म्हणून अपक्ष अर्ज आधीच भरून ठेवणार नाही का? एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात की. बरोबर आहे, आणि उत्तर पटकथेत असायलाच हवं. उत्तर असं: अण्णा भरणार होते. दोन दिवस आधी पीएनंच त्यांना सांगितलं, ‘अण्णा, नका भरू, वर अविश्वास दिसतो.’ तेव्हा तो मनापासून बोलला होता. प्रामाणिकपणे दिलेला सल्ला दोन दिवसांनी फासाचा दोर झाला, आणि हे फक्त पीएला ठाऊक आहे. खलनायक लिहायची गरजच संपली.

दुसरा नियम हवा असेल तर नावसाधर्म्याचा घ्या. २०१४ च्या लोकसभेला रायगडमध्ये अनंत गीते २,११० मतांनी जिंकले, आणि पराभूत सुनील तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षानं त्याहून कितीतरी जास्त मतं नेली होती. मात्र गोष्ट कुठल्या सालातली ते आधी ठरवा. २०१५ पासून मतदानयंत्रावर उमेदवारांचे फोटो असतात, त्यामुळे आजच्या काळात नुसत्या नावावर कथानक चालणार नाही. मला यात मोह होतो तो अशा एखाद्या काल्पनिक नामसाधर्म्यवाल्या माणसाचा. टेम्पो चालवणारा, आयुष्यात सभेला न गेलेला माणूस, ज्याच्या विधानसभेच्या अनामत रकमेचे दहा हजार दुसऱ्याच कुणीतरी भरलेत. आपल्याला मतं पडतायत म्हटल्यावर त्याला खरंच निवडून यावंसं वाटायला लागलं तर? हा वेगळा सिनेमा आहे, कुणीतरी लिहा.

चौथी पायरी: घसरण टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्याला खरं कारण

स्टीफनच्या पायऱ्या मोजून बघा. डफीचा फोन येतो, तो भेटायला जातो. भेटणं हा काही गुन्हा नाही. गुन्हा हा की वरिष्ठ पॉल झाराला तो लगेच सांगत नाही. उशिरा सांगतो, आणि पॉलच्या लेखी निष्ठेइतकं मोठं काही नसल्यामुळे पॉलच ती बातमी पत्रकाराला देऊन त्याचा काटा काढतो. दरम्यान मॉली ही प्रशिक्षणार्थी मुलगी गव्हर्नरपासून गरोदर असल्याचं स्टीफनला कळलेलं असतं, आणि ते झाकायला त्यानं हातभारही लावलेला असतो. नोकरी गेल्यावर तेच गुपित त्याचं हत्यार होतं. मॉली मरते, आणि स्टीफन एका बंद हॉटेलच्या स्वयंपाकघरात मॉरिससमोर बसून सौदा करतो: पॉलला काढा, मला त्याची जागा द्या, आणि सिनेटर थॉम्प्सनला उपाध्यक्षपद देऊन त्याच्या हातातले, पक्षाचा उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी आपल्याकडे वळवा. सुरुवातीला मॉरिसवर मनापासून विश्वास असलेला हाच एक माणूस होता.

तुमच्या पीएसाठी असे चार-पाच टप्पे लिहा आणि प्रत्येकापुढे त्याचं समर्थन लिहा. ते समर्थन त्या क्षणी खरं असलं पाहिजे. ‘अण्णा उभे राहिले तर दोघंही पडतील आणि तिसराच येईल’ हे गणित चूक नाही. प्रेक्षकानं मान डोलावली पाहिजे, आणि वीस मिनिटांनी आपण कशाला मान डोलावली होती हे त्याला आठवलं पाहिजे.

याच्या उलटचा नमुना १९६४ चा ‘द बेस्ट मॅन’. मूळ नाटक गोर व्हिडालचं. दोन उमेदवार, दोघांकडे एकमेकांची भानगड. हेन्री फोंडानं केलेला उमेदवार ती वापरायला कचरतो आणि शेवटी आपलं बळ तिसऱ्याच्या पारड्यात टाकतो. हे तत्त्व की निर्णय घेता न येणं, याचा निकाल सिनेमा आपल्यावर सोडतो. तुमच्या पटकथेत असं एक तरी पात्र ठेवा. पीएच्या घसरणीची खोली त्याच्याशेजारी ठेवूनच कळते.

पाचवी पायरी: मुख्य गोष्ट बोलू नका

‘आइड्स’मधला माझ्या मते सर्वोत्तम प्रसंग जवळजवळ मुका आहे. पॉल न्हाव्याकडे केस कापून घेतोय. बाहेर गव्हर्नरची काळी गाडी येऊन थांबते. त्याला आत बोलावलं जातं. कॅमेरा रस्त्यावरच थांबतो, बंद काचेकडे बघत. थोड्या वेळानं पॉल उतरतो, गाडी निघून जाते. नोकरी गेली. एकही शब्द ऐकू आलेला नाही.

अण्णांचा प्रसंग याच धर्तीवर लिहून पाहू. साताऱ्याकडचं एक गाव, प्रांत कार्यालयासमोरचं हॉटेल, दुपारचे दोन दहा. पीएच्या मांडीवर बॅग आहे आणि एबी फॉर्म त्या बॅगेत आहे. हे प्रेक्षकाला माहीत आहे, अण्णांना नाही.

अण्णा: गाडी कुठवर आली रे?
पीए: खंबाटकी उतरली म्हणे.
अण्णा: मग पोचतीय. (भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत) तीनला दार लावतात.
पीए: चहा सांगू अजून?
अण्णा: सांग. साखर कमी. (थांबून) तू काही खाल्लंस का सकाळपासून?

एवढंच. पश्चात्तापाचं स्वगत नको, पार्श्वसंगीताच्या सूचना नकोत. शेवटच्या वाक्यात अण्णांनी त्याच्या जेवणाची चौकशी केली, ते त्याला पुरेल. पुढचा प्रसंग थेट दोन पन्नासला: पीए लघवीला जातो म्हणून उठतो, मागच्या दारानं निघतो, आणि आपण त्याच्यासोबत न जाता हॉटेलातच अण्णा आणि दोन कपांपाशी थांबतो. रस्त्यापलीकडे साहेब कार्यालयात शिरताना दिसतात. उमेदवार धरून पाचच माणसांना आत सोडतात, हे लक्षात ठेवा. त्या पाचांत शेवटी घाईनं शिरणारा पाचवा कोण, हे अण्णांनी काचेतून पाहायचं.

सहावी पायरी: पैसा दाखवायचा तर हिशेबाच्या वहीतून

नोटांनी भरलेली सुटकेस आता कुणालाच हलवत नाही. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आहे, पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. जिल्हा निवडणूक कार्यालय दरपत्रक काढतं: चहा किती, वडापाव किती, खुर्चीचं भाडं किती, फेटा किती. सभेचं चित्रीकरण करणारं पथक खुर्च्या मोजतं, आणि तुम्ही दाखवलेला खर्च त्यांच्या नोंदवहीशी ताडून बघितला जातो. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, नाहीतर तीन वर्षं अपात्र ठरण्याची टांगती तलवार.

म्हणजे प्रत्येक छावणीत एक कारकुनी डोक्याचा माणूस असतो, ज्याला जेवणावळीतली हजार ताटं कागदावर दोनशे करायची असतात. त्याला पात्र करा. दोन वह्या, दोन शाया. प्रचारातलं ‘लक्ष्मीदर्शन’ त्याच्या वहीत कुठल्या नावाखाली बसतं, एवढं जरी शोधलंत तरी तो प्रसंग सुटकेसपेक्षा भारी पडेल. नाक्यावर भरारी पथकानं गाडी थांबवायचा प्रसंग हवाच असेल तर रक्कम लहान ठेवा. कागदपत्रांशिवाय ५० हजारांहून जास्त रोकड सापडली तरी जप्ती होऊ शकते, कोटींची गरज नाही.

सातवी पायरी: बाईला इंधन करू नका

‘आइड्स’चं माझ्या मते सगळ्यात मोठं अपयश मॉली आहे. ती आहे तोवर पुरुषांच्या गोष्टीला आग लावण्यापुरती आहे. तिला स्वतःला काय हवं होतं, ते लेखकांनी विचारलेलंच नाही. २०११ मध्ये ते खपलं, आज खपू नये. आपल्याकडे तर निमित्तंही शोधावी लागत नाहीत. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, आणि बायकोच्या नावावर कारभार हाकणारे ‘सरपंचपती’ सगळ्यांच्या ओळखीचे. समीर विद्वांसच्या ‘धुरळा’नं (२०२०) एकाच घरात सरपंचपदाची लढाई लावून घरातल्या बायकांना खरीखुरी महत्त्वाकांक्षा दिली होती. तिथून पुढे जा. अण्णांची मुलगी वकील असेल आणि निकालानंतर ४५ दिवसांच्या मुदतीत निवडणूक याचिका दाखल करायला पीएकडेच साक्ष मागायला आली, तर तिसरा अंक तिचा होतो.

आठवी पायरी: पक्ष, झेंडे आणि प्रदर्शनाची तारीख

इथं फार वेळ घालवू नका. पक्ष काल्पनिक ठेवा, चिन्ह निवडताना आयोगाच्या यादीतलं राखीव चिन्ह येत नाही ना ते तपासा, आणि एखाद्या हयात पुढाऱ्याची लकब ओळखू येईल असं पात्र लिहू नका. लोक मग पात्र बघत नाहीत, नक्कल बघतात. प्रदर्शनाची तारीख निर्मात्याला आधीच विचारा. २०१९ मध्ये पंतप्रधानांवरचा चरित्रपट निवडणूक आयोगानं ऐन आचारसंहितेत थांबवला होता, तो मतदान संपल्यावरच, २४ मे रोजी लागला.

नववी पायरी: निकाल मागच्या टीव्हीवर, शेवट समोर

१९७२ च्या ‘द कँडिडेट’मध्ये प्रचारप्रमुख रॉबर्ट रेडफर्डच्या पात्राला उभं करतो तेच ‘तू हरणार’ असं आगपेटीच्या पाकिटावर लिहून देऊन. हरणारच असल्यानं तो मनातलं बोलू शकतो. जसजसा जिंकण्याच्या जवळ येतो, तसतसं बोलणं पातळ होत जातं. शेवटी जिंकतो, आणि हॉटेलच्या खोलीत प्रचारप्रमुखाला विचारतो की आता पुढे काय करायचं. उत्तर मिळत नाही. लेखक जेरेमी लार्नर १९६८ साली राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या युजीन मॅकार्थीचा भाषणलेखक होता, आणि या पटकथेला ऑस्कर मिळालं. ‘आइड्स’चा शेवट म्हणजे टीव्ही मुलाखतीसाठी कानात यंत्र घालून बसलेल्या स्टीफनचा थंड चेहरा. जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) निवडणूक नाही, खुर्चीची ओढाताण आहे. पटकथा तेंडुलकरांची, कादंबऱ्या अरुण साधूंच्या. तिथं शेवटी आपण उरतो ते सगळं बघितलेल्या पत्रकार दिगूपाशी, निळू फुलेंपाशी.

तिन्ही शेवटांत एक गोष्ट सारखी आहे: नायकाला हवं ते मिळालं की नाही, यापेक्षा त्याला काय कळून चुकलं ते पडद्यावर उरतं. तुमच्या पीएला नगरपालिकेचं तिकीट मिळू द्या. त्याला स्वतःच्या एबी फॉर्मची वाट बघत त्याच हॉटेलात बसवायचा मोह होईल. तो टाळा, फारच जुळवून आणल्यासारखं दिसतं. मी असतो तर त्याच्याकडे आता एक विशीतला पोरगा पीए म्हणून ठेवला असता, आणि त्या पोराला खोटं बोलणं जमत नाही म्हणून तो त्याच्यावर वैतागतोय असं दाखवलं असतं.

दहावी पायरी: बूथवर बसलेल्या माणसाला वाचून दाखवा

दिग्दर्शकाच्या आधी मसुदा अशा कार्यकर्त्याला ऐकवा, ज्यानं पहाटे बूथवर बसून चाचणी मतदान पाहिलंय, संध्याकाळी १७-सी नमुन्यावरचा, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्याचा, आकडा उतरवून घेतलाय, निदान एकदा तरी हरलेल्या उमेदवाराच्या घरी दुसऱ्या दिवशी गेलाय. वाचताना त्याच्याकडे लक्ष ठेवा. तो ‘असं नसतं हो’ म्हणेल तिथं नियम तपासा. तो हसेल तिथं संवाद खोटा आहे. तो मध्येच तोडून ‘आमच्याकडे तर काय झालं...’ सुरू करेल तिथं वही उघडा, आणि परवानगी घेऊन लिहून घ्या.